शापोऱ्याची फळी

रात्रपाळी करून मी सकाळी झोपते.
घरभर उजेड, खाली पोदेराच्या सायकलचा भोंगा,
शेजारी कोणीतरी नारळ फोडतंय.
अशा झोपेला जड पलंग लागतो.

शापोऱ्याच्या धक्क्यावर बोस्त्यांवची होडी फोडत होते.
मी तीन फळ्या घेतल्या, घासाघीस केली,
दीडशे रुपये सोडवून घेतले
आणि म्हापशापर्यंत टेंपोत बसून राहिले
त्या दीडशेंची लाज मांडीवर घेऊन.

पुनाजी मेस्ताने फळीवर हात फिरवला,
बोट चाटलं.
‘अजून खारट आहे. महिना राहू दे पडवीत.’
मग कानावरची पेन्सिल काढून, वर न बघता,
‘सिंगल की डबल?’
फळी आहे तेवढा, म्हटलं.
त्याने मोजली. साडेतीन फूट.
‘एकाला जास्त, दोघांना कमी.’
त्याने वहीत तेच लिहिलं.

लिंबू लावलं, चुन्याचं पाणी, मग खोबरेल.
वास गेला नाही.
वॉर्डात सिस्टर फिलोमेना नाक वर करून विचारायची,
‘आज बांगडे गं?’
मी हो म्हणायचे.

एका फळीवर निळ्या अक्षरांत नाव होतं,
करवतीने मधेच तोडलेलं: सांता.
पुढे कोण, आना, रीता, क्रूझ,
ते दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं असेल,
कोंबड्यांच्या खुराड्याला बहुतेक.
मेस्त देवळात घंटा वाजवणारा माणूस,
तरी म्हणाला, ‘पायाकडे नको हं.’
म्हणून अर्धी संतीण माझ्या उशाशी आहे.

कपाटाची दारं हळदोण्यातल्या एका खिडकीची,
शिंपल्यांच्या तावदानांची.
पाच तावदानं गळलेली.
शिंपले आता कोण घासून देतो?
मी रद्दीत निघालेल्या एक्स-रे फिल्म आणल्या,
नावं कापून टाकली, मेस्ताने त्या बसवल्या.
आत बल्ब लावला की
साड्यांच्या मागून दिसतात
एक मनगट, दोन बरगड्या,
एक गुडघा, ज्यात स्क्रू आहे.
वहिनी आली होती ती त्या खोलीत झोपली नाही.

आरसा न्हाव्याच्या दुकानातला.
खुर्चीत बसलेल्यांचे चेहरे जिथे येत
तिथेच पारा उडालेला.
खाली टांगला तर माझं पोट नाहीसं होतं,
वर टांगला तर तोंड.
दोन दिवस विचार करून वर टांगला.

पलंग उभा राहिला त्या रविवारी
बोस्त्यांव आला, इस्त्रीचा शर्ट घालून,
हातात पिशवी, पिशवीत सुके बोंबील.
‘बसा’ म्हटलं पलंगावर.
बसला नाही.
वाकून फळीच्या कडेला बोट फिरवत गेला,
जसं आम्ही शीर शोधतो.
तिसऱ्या खिळ्याच्या भोकाशी थांबला.
‘हांगांसून उदक येतालें,’ म्हणाला.
‘दरवर्षी कापूस आणि राळ भरायचो.
तरी यायचं.’

मग चहा प्यायला.
मुलगा नॉर्वेच्या बोटीवर आहे म्हणाला,
लोखंडी बोट, सात मजल्यांची,
तिला दर्या लागतसुद्धा नाही.
जाताना दारातून वळून पुन्हा पलंगाकडे पाहिलं,
मी डिस्चार्ज दिलेले पेशंट
वॉर्डाकडे पाहतात तसं.
दीडशे रुपये मी त्याच्या पिशवीत टाकायचे ठरवले होते.
पिशवी त्याने रिकामी करून, घडी घालून
आधीच खिशात ठेवली होती.

आता सकाळी आठला दार लावते,
कपाटातला बल्ब विझवते,
ती सगळी हाडं आपापल्या अंधारात जातात.
कुशीवर वळले की
तिसऱ्या खिळ्याचं भोक बरोबर दंडाशी येतं.

त्यात मी कापूस भरलाय.
हॉस्पिटलचा, निर्जंतुक.