सहावं पिल्लू

एप्रिल. तरी कुंपणाच्या सावलीत मळकट बर्फ पडून.
दाण्याच्या दुकानात पत्र्याच्या टबांवर तांबडे दिवे
आणि चिवचिव एवढी, की पोरगा ओरडूनच विचारतो,
"कुठली देऊ, मिसेस थिबोडो?"

ऑर्मंड असता तर प्रश्नच नव्हता.
चाळीस वर्षं एकच जात, ऱ्होड आयलंड रेड.
सगळ्या विटकरी, सगळ्या सारख्या.
"ओळख पटली की सुरी अडते," म्हणायचा
आणि सुरी धुऊन ठेवायचा.

जानेवारीत कोल्हा आला.
सकाळी तिनं मोजल्या : अकराच्या सात.
कोण गेलं, ते मात्र सांगता येईना.
सात विटकरी पाठी
दाणे टिपत होत्या, जशी काही रात्र झालीच नाही.

चष्मा पुसून ती वाकते.
लेगहॉर्न नको, तुरा मोठा, मेनच्या थंडीत काळा पडतो.
वायनडॉट दे, हिचा कसा डोक्याला चिकटून.
एक पट्टेरी प्लिमथ रॉक.
ऑर्पिंग्टन, लोण्याच्या रंगाची;
खुडूक बसली तर बसू दे, मला कुठं घाई आहे.
ती गालमिशांची, निळी अंडी घालते ती.
आणि ही काळी, हिचं नाव नको सांगूस.

"पाच झाली. सहाच्या खाली विकत नाही आम्ही."

ती शेवटच्या टबापर्यंत जाते.
"मग एक रेड टाक.
आणि पायात घालायच्या रिंगा दे. आठ.
आठही वेगळ्या रंगांच्या."

"रंग पाचच आहेत."

"असू दे. उरलेल्यांना लोकर बांधीन.
घरी एक मोजा अर्धाच राहिलाय,
तो उसवते."