उशिराचा ठसा

गुरुवारी दुपारी, कुणी मागितलं तरच,
सतरा नंबरच्या खोक्यातून मी हागारला बाहेर काढते.
हात धुऊन, कोरडे करून. हातमोजे नाहीत;
मोज्यांना कागदाची कड कळत नाही.

तळहाताहून थोडं मोठं चित्र.
खडक, काटेरी झुडूप, रिकामी पखाल,
आणि तोंड फिरवून बसलेली बाई.
घरधन्यानं भाकरी आणि पाणी देऊन
पहाटेच वाटेला लावलेली.
पाणी संपलं. मूल झुडपाखाली ठेवून
ती बाणाच्या टप्प्याइतकी लांब आली आहे,
त्याचं मरण दिसू नये म्हणून.
मी मोजलंय : चार सेंटिमीटर, वर दोन रेघा.

पण झुडपाखाली मूल नाही.
नुसता कागद. जरासा पिवळट.

टाउबनर म्हणून कुणी होता, औग्सबुर्गचा.
तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचा,
सुईनं मेण खरवडायचा,
मग पत्रा तेजाबात.
जितका वेळ आत, तितकी रेघ खोल आणि तितकी काळी.
पहिल्यांदा पत्रा बाहेर काढला तेव्हा
त्यानं मुलावर रोगण फासलं : याला पुरे.
आईला पुन्हा आत घातलं. खडकांना त्याहून जास्त.
विहीर तर रात्रभर ठेवली असावी,
बोट फिरवलं तर लागेल अशी उठली आहे
बाईच्या पाठीमागे.
(फिरवत नाही.)

उथळ रेघा आधी झिजतात.
शंभर ठसे, दोनशे ठसे,
यंत्राचा रूळ, शाई पुसणाऱ्याचा तळवा,
पत्रा सासऱ्याकडून जावयाकडे,
जावयाकडून कुणा दुकानदाराकडे.
आमचा कागद फार नंतरचा.
ज्याला जपलं तोच गेला.

नोंदवहीत एवढंच आहे :
'उशिराचा ठसा. मध्यभाग फिका.'
अक्षर माझ्या आधीच्या फ्राउ हिन्त्सेंचं.
'फिका'खाली त्यांनी दोनदा रेघ ओढली आहे.
त्यांचा धाकटा भाऊ पंचेचाळीसच्या जानेवारीत
पूर्वेकडून पळून येताना वाटेत राहिला, असं ऐकलं.
त्या कधी बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

मार्चमध्ये शाळेची पोरं आली, चौथीची.
भिंग हातोहात फिरलं. कुणी पखालीला मासा म्हणालं.
पुढचे दात पडलेली स्वेन्या
कितीतरी वेळ वाकून राहिली.
"मुलगा कुठाय?"
मी म्हणाले, झिजला.
दुसरा शब्द सुचला नाही.
"नाही. तो विहिरीवर गेलाय," ती म्हणाली,
"हिनं बघितलंच नाही."
खाली बस थांबली होती. त्यांच्या बाईंनी हाक मारली.

त्या दिवशी खोकं बंद करायच्या आधी
मी दिवा अगदी खाली, कागदाच्या कडेला आणला.
आडव्या उजेडात कागदाचे उंचवटे दिसतात,
शाई नसली तरी.
झुडपाखाली होतं काहीतरी. टाचेसारखं.
असेल एखादी चुणी. कागद जुना आहे.

मग झाकण लावलं, खोकं फडताळात सरकवलं
आणि तापमान लिहिलं : अठरा अंश.