पक्का रंग

काचेवर पांढरा लेप ओढायचा पट्टीने,
सुरळीच्या वडीचं पीठ ताटावर पसरावं तसा,
पातळ, आणि हात थरथरू न देता.
मग भट्टी. मग रात्रभर रंगात बुडी.
सकाळी काच जांभळी.
तो रंग उजेड पकडतो
आणि एक इलेक्ट्रॉन सोडून देतो लेपात.
एवढंच. बाकी सगळं मोजमाप.

औलूहून पैवी लिहिते:
चोवीस काचा पोचल्या, सात गळल्या.
आज आमच्याकडे सूर्य पावणेचार तास होता,
तोही ढगाआड.
(तिच्या नावाचा अर्थ दिवस, म्हणे.)
म्हणून ती खोलीत दिवा लावते.
त्या उजेडाला आमच्या भाषेत म्हणतात
'एक सूर्य'.
नंदेसरीच्या रस्त्यावर, मे महिन्यात,
डांबराला चप्पल चिकटते तेव्हा
हे माप मला जरा कंजूष वाटतं.

तिचा आकडा दोन पॉइंट चार. माझा तीन पॉइंट एक.
तीन महिने आम्ही एकमेकींना
अतिशय सभ्य इंग्रजीत
खोटं पाडत होतो.

बाबांनी बत्तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काढली.
रुमाल जांभळा, बनियन जांभळं,
आईने पांढरा अभ्रा कधी विकत घेतला नाही.
कारखान्यामागचा ओढा एक दिवस लाल, एक दिवस हिरवा.
त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

परवा दांडिया बाजारच्या आमच्या गॅलरीत
एक काच त्यांच्या हातात दिली.
चष्मा कपाळावर चढवून, तिरकी धरून म्हणाले,
"वरवर बसलाय. धुतलं नाहीस नीट.
निघून जातो तो रंग नव्हेच, दीकरा."

अल्कोहोलने तीनदा धुतलं.
काच फिकटली, आकडाही उतरला: दोन पॉइंट नऊ.
जरा वाईट वाटलं.
बारा दिवसांनी औलूहून एका ओळीची मेल आली:
दोन पॉइंट नऊ.

आता शोधनिबंधाच्या शेवटी आभार.
मी लिहिलं, 'रंग धुण्याविषयीची सूचना:
शांताराम मोहिते, बडोदा.'
पैवी विचारते, संस्था कोणती लिहू?

रकाना कोरा आहे अजून.
आत पानं मांडलीत,
बाबा बेसिनपाशी उभे.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
तरी जेवणाआधी तीनदा हात धुतात.
पहिल्याच वेळी
पाणी स्वच्छ जातं.