सैनिक क्रमांक सतरा

आरामनगरात, तळघरातल्या स्टुडिओत
मी मरतो.
मरणामागे ठरलेले पैसे, वर एक चहा.
किंकाळी लांब असेल तर थोडे जास्त.

पिक्चर एका व्हिडिओ गेमवरचा.
बर्फाचा देश, काळी चिलखतं,
मनगटाला साखळी गुंडाळलेली नायिका.
तिचा आवाज द्यायला येते ती बाई
मधाची बाटली स्वतःची आणते.
तिला वाक्यं आहेत : बापाचा खून, हरवलेली बहीण.
गेममध्ये यातलं काही नव्हतं,
ती नुसती धावायची.
सिनेमाला कारण लागतं.

मला वाक्यं नाहीत.
माझ्या कागदावर : सैनिक एक ते बेचाळीस.
पुढे : गोळी, गोळी, सुरी, जिना, गोळी, आग, दरी.

गेममध्ये हे सगळे तीनच किंकाळ्यांत मरायचे,
आलटून पालटून.
मला ठाऊक आहे, आमचा ओजस खेळतो ना,
आई झोपली की आवाज बंद करून.
भिंतीवर निळा उजेड
आणि त्यात मुकी माणसं कोसळतात.

पण पेरीन मॅडमना प्रत्येक मरण वेगळं हवं.
"तावडे, हे मघाचंच झालं. दुसरं द्या."

दुसरं कुठून आणू?
घरातून आणतो.
सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवताना शिवबालकचा हुंकार
गेला सैनिक चारला.
दाढ उपटताना मेहुणा ओरडला होता, तो नववा.
राणीची सोंगटी भोकाच्या तोंडाशी अडली
तेव्हाचे बाबूकाका : बारावा, पोटात सुरी.
तेरा ते सोळा
माझीच करंगळी, पलंगाचा पाय,
आणि चार वेगवेगळ्या रात्री.

सतरावा दरीत पडतो.
पाच सेकंद, पाठीवर, वर बघत.
चिलखताच्या फटीतून नुसते डोळे.
दिग्दर्शकाने का कोण जाणे
कॅमेरा त्याच्यावरून हलवलेला नाही.
मी श्वास भरला आणि तोंडातून निघालं,
आये गो!

काचेपलीकडे नेविलने मान वर केली.
मॅडम म्हणाल्या, शब्द नको.
ह्या लोकांची भाषा कुठली ते ठरलेलं नाही.
म्हटलं, मॅडम, हा शब्द नाही.
आवाजच आहे.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.
"एक साधा पण घेऊन ठेवू."
दिला. आऽऽ. कुठल्याही देशात चालेल असा.
दोन्ही फाइलीत गेले.
कुठला ठेवला ते मला कोण सांगणार,
मी आपला अठराव्याकडे वळलो. गोळी.

पहिल्याच शनिवारी ओजसला घेऊन मुलुंडला गेलो,
खिशात घरचे शेंगदाणे.
अंधारात त्याचे दोन्ही अंगठे हलत होते,
बटणं नसलेल्या हवेत.
"बाबा, हिने इथे डावीकडे जायला हवं. तिथे औषध असतं."
ती उजवीकडे वळली.
त्याचे अंगठे थांबले, मग मांडीवर पडून राहिले.

मी मोजत होतो.
बारा. बाबूकाका झकास.
पंधरा. सोळा जिन्यावर.
सतरा कड्यावरून सुटला
आणि नेमके तेव्हाच व्हायोलिनं, नगारे, मागे एक स्फोट,
सगळं एकदम.
पाच सेकंद मी कान ताणून बसलो.
ओठ हललेही नाहीत त्याचे, चिलखत होतं.
शेवटच्या पाट्यांत नेविलचं नाव आलं,
तोवर दिवे लागले होते,
लोक चपला शोधत होते.

रात्री बारा-सव्वाबारा.
मी ओट्याशी बाटल्या भरतोय.
बाहेर निळा उजेड, आवाज बंद.
कडा आला असावा.
ओजस, पडद्यावरून नजर न काढता,
अगदी हळू,
आई उठू नये इतपत :
आये गो.

बाटली भरून वाहिली तेव्हा नळ बंद केला.
त्याने तोच टप्पा पुन्हा लावला होता.
सैनिक कड्यावर उभा होता, ताजा.

उद्या सकाळी दहाला दुसरा पिक्चर.
घोडे आहेत म्हणे.