पाळण्याचा उद्देश : इतर

पंचायतीतली प्रणाली कॉम्प्युटरमांगून इचारते,
"काका, कुत्र्याची जात?"
म्या म्हनलं, बाई, माही सोताची जात कागदावर याले
तीन वर्षं लागले, वाशीमच्या अकरा चकरा,
आज्याचा शाळेतला दाखला, त्याले उदईचं भोक.
अन् भुरकीची तुले उभ्या उभ्या पाह्यजे?
हासली थे. म्हने, "गावठी टाकते."

मंग रंग. मंग वय.
मंग पत्ता.
आता पत्ता.
आज मेंढरं बसले मोहोडाच्या वावरात,
परवा गोट्याच्या, खतासाठी बोलावनं हाय,
तेरवा जिकडं गवत.
वाघूर उपटली का घर उपटलं,
वाघूर ठोकली का घर.
"कायमस्वरूपी बंदिस्त जागा आवश्यक",
खालचं बारीक वाचून दाखवलं तिनं.
म्या म्हनलं, लिही : मेंढरायच्या भवताल.

"पाळण्याचा उद्देश.
एक, शौक. दोन, निवासाची राखण. तीन, इतर."
नऊ वर्षं.
एका हिवाळ्यात लांडगीन आली, दोन मोठाले पिलं घेऊन,
भुरकीचा अर्धा कान अजून त्या माळावर हाय.
उन्हाळ्यात येलेली मेंढी मांगं राह्यली,
रातभर तिच्यापाशी बसून सकायी कोकरासकट घेऊन आली.
थे सारं एका टिचकीत गेलं,
"इतर" मंधात.

कायदा काऊन आला, मले ठाऊक हाय बाप्पा.
म्या पाह्यलं त्या पोट्टीले.
फार्महाऊसवरचं कुत्रं, लाखाचं आनलेलं,
दिवसभर साखयीत, कामधंदा नाई,
अन् एक दिवस फाटक उघडं राह्यलं.
ग्रामीण रुग्णालयाच्या खाटीवर बसली होती थे,
गालावर टाके,
बोटावर सुया मोजून रायली होती,
चौथीपाशी अडकायची
अन् परत एकपासून धरायची.
तिच्या मायनं माह्याकडं पाह्यलं,
मंग खिडकीतून भुरकीकडं,
थे फाटकापाशी बसली होती मुकाट.
म्या काई बोललो नाई.
दात तर भुरकीलेही तेवढेच हायेत.

"मुसके अनिवार्य."
मुसकं मले इनता येते.
डवऱ्याच्या बैलाले बांधतो ना आपुन, सुतळीचं,
का उभ्या पिकाले तोंड लावू नये.
मनकर्णा म्हने, बैल पीक खाते.
हे काय खाते?
म्या गाठी मारत गेलो.
गयात काट्याचा पट्टा, लांडग्यानं नरडं धरू नये म्हनून.
तोंडाले सुतळी, तिनं कोनाले धरू नये म्हनून.
पुढच्या पायानं दोनदा ओढलं तिनं,
मंग सोडून देल्लं.

राती तीन फेरे मारले वाघरीभवती, रोजच्यासारखे,
अन् बसली, वाऱ्याकडं तोंड करून.
अडीचच्या सुमाराले मेंढरं उठले,
सारे, एका अंगानं.
भुरकीच्या छातीत काईतरी भरलं
अन् सुतळीपाशी येऊन अडलं,
हंड्यात गोटा हालवल्यासारखं.
म्या काय करनार?
उभा राह्यलो घोंगड्यासकट,
अन् भुंकलो.
पंचावन्न वर्षाचा मानूस.
आंधी लाज वाटली, मंग नाई वाटली.
गावातले कुत्रे उठले, त्यायनं साथ देल्ली,
मनकर्णानं टॉर्च मारला, थो माह्याच तोंडावर.
भुरकीनं मान वयवून पाह्यलं,
नव्या गड्याकडं जुना पाह्यते तसं.

काय होतं अंधारात, कोनाले ठाऊक.
पहाटे मनकर्णा तिच्यापाशी बसली होती,
सुतळीच्या एका गाठीत बोट घालून.
म्या तिकडं पाह्यलं नाई.
मेंढरं मोजाले लागलो.
एक, दोन, तीन,
चौथ्यापाशी अडकलो,
परत एकपासून धरलं.