सहा पॉइंट आठ

पहाटे साडेपाचला संस्थेचं शटर वर जातं.
वडणग्याच्या किटल्या ओळीनं उभ्या,
मी मशीनची नळी बुडवते:
फॅट सहा पॉइंट आठ, एसएनएफ नऊ.
शिवलिंग म्हेतर पावती उजेडात धरतो,
"काल सात लागल्ती की, ताई."
म्हशीला विचार, मी म्हणते.

अठरा वर्षं झाली दुसऱ्यांचं दूध तपासते.
गेल्या दिवाळीत दुधानं मला तपासलं.
बासुंदीची एक वाटी, आणि रात्रभर
परसात येरझाऱ्या.
डॉक्टर हुक्केरीकर म्हणाले,
दुधातली साखर पचत नाही तुम्हाला,
पुष्कळांना पचत नाही, बोलत नाहीत एवढंच.
मी म्हटलं, मी दूध संस्थेत टेस्टर आहे.
त्यांनी चष्मा काढून पुसला, खूप वेळ.

मामंजींना सांगितलं तर
जणू माहेरचं आडनाव विसरले मी.
उमेदीत त्यांनी रोज रात्री
रत्नीच्या पणजीला शिवाजी पुलावरून नेलेलं
गंगावेशीच्या कट्ट्यावर.
धार थेट पेल्यात,
तालमीतली पोरं मिशांचा फेस न पुसता
दुसरा पेला पुढं करायची.
"आमच्या घरात दूध बाधलं?"
आणि ते उठून गोठ्यात गेले,
तिची समजूत काढायला असावं.

मग सोयाबीन भिजवलं. शेतातलंच,
भाव पडला म्हणून पोत्यात राहिलेलं.
मिक्सर, जुन्या धोतराचा तुकडा, पिळून पिळून
मनगटं भरून आली.
पहिल्या दिवशी चहा फाटला.
दुसऱ्या दिवशी कच्च्या शेंगेचा वास.
आठवड्यानं कळलं, याला दुधापेक्षा
जास्त वेळ उकळावं लागतं,
आणि ऊतू जाताना हेही सांगून जात नाही.

प्रांजल विद्यापीठातून येते,
संस्थेच्या पावत्यांच्या पाठीवर हिशेब मांडते:
लिटरमागं पाणी, लिटरमागं वैरण,
गोठ्यातून ओढ्याला, ओढ्यातून पंचगंगेला
जाणारा शेणाचा ओघळ.
"आत्या, रत्नीच्या ढेकरानंसुद्धा आभाळ तापतं."
रत्नी रवंथ करत ऐकते.
मामंजी कोपऱ्यातनं, "आन् कारखान्याची मळी?
ती कुणाच्या ढेकरीत धरतीस?"
प्रांजल खोडत नाही. तेही लिहून घेते.
मॉलमधून तिनं ओटचा खोका आणलेला,
मी उलटून बघितलं, कुठल्या कुठं भरलेला;
त्याच्या प्रवासाची पावती
कुणी फाडत नाही.
शिवाय गोळी वेगळी: बी ट्वेल्व्ह
सोयाबीनला येत नाही.
हाडांसाठी आजऱ्याच्या नणंदेनं
नाचणीचं सत्त्व धाडलं.

पोट शांत झालं. झोप लागते.
पण दहा दिवसांनी बिल वाटताना
आक्काताई चौगुले नोटा दोनदा मोजते,
पोराची फी बाजूला, गॅस बाजूला,
उरलेल्यात पेंड.
तिला मी काय सांगू? माझ्या पोटाची गोष्ट?
तिच्या किटलीत नळी बुडवते
आणि आकडा जोरात वाचते.

एका दुपारी कुणी नव्हतं.
डब्यातलं सोयाचं दूध मशीनला लावलं.
पडदा लुकलुकला, थांबला,
मग पावती आली: नमुना तपासा.
ती पर्समध्ये आहे अजून.

चोथा उरायचा रोज, वाटीभर, टोपभर.
टाकवेना. गूळ घालून रत्नीपुढं ठेवला.
तिनं टोपाचा तळ चाटला,
मग माझं मनगट.

काल आमच्याच किटलीत नळी बुडवली:
सात पॉइंट दोन.
म्हेतर मागं उभा होताच.
"काय घालताय हो तिला?"
मी पावती फाडून दिली,
म्हटलं, पुढचा.