पायपेटी

मांडीतला रॉड योजनेत बसला.
चार स्क्रू बसले, भूल बसली, सात दिवसांचं जेवण बसलं,
घरी निघताना हातावर ठेवलेलं गाडीभाडंसुद्धा.
पलंगावर कार्ड छातीशी धरून फोटो काढायचा होता,
तेव्हा बाबांनी आधी केस नीट केले.
त्यांना वाटलं, पोस्टरसाठीच आहे.

रस्त्यात रानडुक्कर आलं. पहाटेचे पाच.
सिंदेवाहीकडचा प्रयोग वाजवून येत होते.
मागे बसलेला ढोलकीवाला तुरीत जाऊन पडला,
त्याला खरचटलंही नाही.
बाबा म्हणतात, तालवाले नेहमी वाचतात.

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एक ओळ होती:
फिजिओथेरपी, सल्ला दिला.
सल्ला फुकट होता.

ब्रह्मपुरीला एका वेळचे अडीचशे,
निदान तीस वेळा या, म्हणाल्या मोहसिना मॅडम.
ऑटो वेगळा. कारण एसटीची पहिली पायरी
बाबांच्या गुडघ्याला अजून डोंगर आहे.

मी खिडकीवर गेले.
आरोग्यमित्र आमच्याच बाजूचा, आईच्या माहेरचा निघाला.
त्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला,
म्हणाला, तूच पाह्य ताई.
हाड होतं यादीत, नंबरासकट.
चालणं नव्हतं.

दुसराही विमा होता, बँकेतून दरवर्षी आपोआप कापला जाणारा.
फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
आणि मग बासरी. बावीस मिनिटं.
स्पीकरवर टाकलं, बाबा खाटेवरून ऐकत होते.
"भूप हाये," म्हणाले,
"पन कोनीतं मध्यम लावला ना माय."
मग एक मुलगी आली, फार गोड बोलली:
पेशंट चोवीस तास भरती असेल तर बघता येईल.
मी म्हटलं, चालता यावं म्हणूनच तर घरी आणलं त्यांना,
आता चालण्यासाठी परत झोपवू का?
ती म्हणाली, आणखी काही मदत करू शकते?

सहा वेळा नेलं.
सातव्या वेळचे पैसे दिवाळीत गेले, खोटं कशाला बोलू.

मग एका दुपारी बाबा म्हणाले, पेटी काढा.
धानाच्या पोत्यांमागे ताडपत्रीखाली होती.
भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलेलं,
भावाने सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला.
खुर्चीत बसवलं. डावा पाय मीच उचलून पायट्यावर ठेवला,
लाकडाइतका जड, आणि तेवढाच परका.

हवा भरायला दोन्ही पाय लागतात.
उजवा, डावा. उजवा, मग बराच वेळ काही नाही, मग डावा.
षड्ज येतो, बसतो, पुन्हा उठतो,
जसा गावातला म्हातारा हातपंप.

मॅडमला फोन करून सांगितलं, मला वाटलं शाबासकी मिळेल.
त्या म्हणाल्या, घोट्याला चांगलं आहे,
पण गुडघा याने वाकणार नाही,
तो मी दाखवलाय तसाच वाकवायचा, रडले तरी.
रडतात. शिव्याही देतात, त्याही सुरात.
भाच्याच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी मोजते,
विम्यावाल्यांच्या पत्राच्या पाठीमागे लिहिते:
साठ. पासष्ट. पासष्ट. सदुसष्ट.
रविवारी परत पासष्ट.

मंडळीचा फोन आला होता. सीझन लागलाय,
वडशाच्या एका पोराला कॅसिओवर घेतलंय, तात्पुरतं.
बाबा म्हणाले, बरं केलं.
मग दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

काल संध्याकाळी ते वाजवत असताना माझ्या मोबाइलवर मेसेज आला.
मी मोठ्याने वाचला:
आपला दावा मंजूर. उपचार पूर्ण. धन्यवाद.
डावा पाय पायट्यावर अर्धा खाली गेलेला, तिथेच थांबला.
भात्यातली उरलेली हवा
कुठल्याशा पट्टीतून बारीक गळत राहिली.
"वाच बरं परत," बाबा म्हणाले,
"काय पूर्ण झालं म्हन्ते?"